टाइलच्या आधी

शिवोलीत कायतान पोदेराच्या भट्टीवर
एक माडी आहे, माटीच्या फळ्यांची.
तिथे न्हाणी करायची ठरली,
कारण कायतानचे गुडघे आता जिना मानत नाहीत.

आवेलिना, त्याची सून, हातात पावांचं बिलबुक घेऊनच आली:
‘मेस्त, टाइल थेट फळीवर चिकटव ना.
मध्ये हा सिमेंटचा बोर्ड कशाला? केवढ्याला एक?’

म्हापशाच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट
मी तिला सांगितली नाही.
तिथे मी असंच ऐकलं होतं.
जुलैत लाकूड फुगलं, मार्चात आक्रसलं,
आणि निळ्या टाइलांतून एक केस निघाला
दारापासून थेट कमोडपर्यंत.
बाई मला काहीच बोलल्या नाहीत.
फक्त खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या प्रत्येकाला
माझं नाव सांगत राहिल्या.

‘लाकूड हलतं, वहिनी,’ म्हटलं, ‘टाइल हलत नाही.
दोघांच्या मध्ये कुणीतरी ऐकून घेणारा लागतो.’

आधी गुडघ्यांवर सगळी खोली फिरलो.
दुखबंधू, माझा गडी, ओडिशाचा,
कान टेकून फळी ऐकतो
आणि बोट ठेवतो: इथे.
तिथे स्क्रू.
पुन्हा कान. पुन्हा बोट.
दिवसाला त्याची बोलणी सात-आठ शब्दांची.

मग बोर्ड. सुरीने एक रेघ, उलट्या बाजूने गुडघा, कडाक.
धूळ अशी की दोन दिवस थुंकी राखाडी.
खाली ओला मसाला, खाचांच्या थापीने ओढलेला,
नुकत्या विंचरलेल्या केसांसारखा,
वर बोर्ड, आणि वीत-वीतभर अंतरावर स्क्रू.
काळे नकोत. समुद्र इथून हाकेवर आहे,
काळे स्क्रू तो खातो.
दोन बोर्डांत दोनाचं नाणं उभं जाईल एवढी फट,
भिंतीकडे त्याहून थोडी जास्त,
आणि चार कोपरे कधीच एका जागी आणायचे नाहीत.
हे मला रेडकर मेस्ताने शिकवलं,
तोंडाने नाही, मोजपट्टीने.

काम दोन भट्ट्यांच्या मधल्या वेळेतच.
खालून फळ्या तापल्या की मसाला
हात फिरवायच्या आत आवळतो.

तिसऱ्या दिवशी शेवटचा तुकडा राहिला.
कोपऱ्यात दोन फळ्यांमध्ये करंगळीएवढी चीर,
तिच्यातून ऊब येत होती, थोडा पिवळा उजेड.
मी बोर्ड उचलला
आणि दारातल्या खुर्चीवरून कायतानने काठी उचलली.
मला वाटलं, माझ्यावर.

‘ती नको बुजवू,’ म्हणाला.
‘पाव झाला की वास तिथूनच वर येतो.
मी दोनदा ठोकतो. खाली नातू फळा घालतो.
पोराला अजून रंगावरून कळत नाही.’

न्हाणीत भोक ठेवता येत नाही.
पाणी सरळ भट्टीत जाईल.
हे मी त्याला सांगितलं. त्यालाही ते ठाऊक होतं.
काठी मात्र वरच होती.

आम्ही चीर बुजवली.
मग दुखबंधू ड्रिल घेऊन उंबऱ्याबाहेर गेला,
खुर्चीच्या उजव्या पायाशी कान टेकला,
खाली तुळई नाही याची खात्री केली
आणि पाडलं एक भोक, इंचाचं.
मी त्याला सांगितलं नव्हतं.
बिलात ते कुठल्या नावाने लिहू, अजून कळलेलं नाही.

आज जोडांवर जाळीची पट्टी लावायला पहाटेच आलो.
कायतान खुर्चीत, डोळे मिटलेले, नाकपुड्या उघड्या.
बराच वेळ काही नाही.
मग ठक. ठक.
खालून लोखंडी दार करकरलं.

टाइलचा रंग ठरायचाय.
आवेलिना मोरपिशीवर अडून आहे.
दुखबंधू बोर्डावर मांडी घालून गरम पोई खातोय,
आणि जोडाच्या फटीत कोंडा पडलाय.
पट्टीआधी तो झाडायला हवा.